४३.५ कोटी प्रेक्षक, पण कुठले?

यू मुंबा विरुद्ध पुणेरी पलटण, म्हणजे आपल्या 'महाराष्ट्र डर्बी'वर लिहायला घेतलं की पहिल्याच परिच्छेदात एक आकडा येतो: २०१४ चा प्रो कबड्डीचा पहिला हंगाम ४३.५ कोटी लोकांनी पाहिला. जरा थांबा.

एक तर ही अख्ख्या हंगामाची 'पोहोच' आहे. चॅनल बदलता बदलता घडीभर थांबलेलाही त्यात धरला जातो. डर्बीला लोक खिळून बसले का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्या सामन्याची दर मिनिटाची सरासरी प्रेक्षकसंख्या बघावी लागेल.

दुसरं, मीटर कुठे होते? तेव्हा 'टॅम'चं पॅनेल शहरी होतं. ग्रामीण घरांचे आकडे 'बार्क'ने ऑक्टोबर २०१५ पासून दिले. म्हणजे मालवण तालुक्यातली, मातीवर कबड्डी खेळणारी गावं मोजणीच्या बाहेरच होती. मग २०१४ आणि २०१६ चे आकडे शेजारी मांडून 'लोकप्रियता वाढली' असं कसं लिहिणार? मधे मोजपट्टीच बदलली ना!

आकडा जरूर द्या. पण कोणी मोजला, कुठे मोजला आणि 'पाहिलं' कशाला म्हटलं, हे त्याच वाक्यात सांगा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.