खोपा विणतो कोण?

चिमण्यांसाठी गॅलरीत लाकडी खोकं टांगायची सवय आपल्याला लावली ती मूळच्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी. त्यांच्या ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’ने सुरू केलेला जागतिक चिमणी दिन 2010पासून 20 मार्चला साजरा होतो. त्या दिवशी तुमच्या स्टेटसवर चिमणी असते. चिमणा क्वचितच.

खरं तर अशा खोक्याकडे महिनाभर नीट बघितलं, तर आधी दिसतो तो चिमणाच. गळ्याखाली काळा डाग असलेला. जागा हेरून, तिच्या तोंडाशी बसून तो सारखा ओरडत असतो. पिल्लं बाहेर आली की दोघांच्याही खेपा सुरू होतात. स्वतः दाण्यांवर जगणारे हे पक्षी पिल्लांसाठी मात्र अळ्या आणि किडे शोधून आणतात, आणि त्यात बापाचा वाटा भरपूर असतो.

आता चिऊ-काऊची गोष्ट आठवा. पावसात भिजलेला काऊ दाराशी, आणि चिऊ आत बाळाचं आवरतेय. चिऊचा नवरा कुठे आहे? गोष्टीला तो लागतच नाही. घर म्हटलं की बाई, एवढं गृहीत धरलेलं आहे.

बहिणाबाई चौधरींची खोप्यावरची कविता याच सवयीतून वाचली जाते. सुगरण पक्षीण पिल्लांसाठी खोपा विणते, तेही नुसत्या चोचीनं. अडचण अशी की सुगरणीचा खोपा नर विणतो. सालिम अली यांनी 1930च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांचं बारकाईनं निरीक्षण केलं. नर अर्धा खोपा विणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात. पसंत पडला तरच मादी राहते आणि नर तो पूर्ण करतो. मग बऱ्याचदा तो दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी.

हे कळल्यावर कवितेचं काय करायचं? ‘बहिणाबाई चुकल्या’ असं सांगणारं रील बनवणं सोपं आहे. ‘कवितेला शास्त्र लावू नये’ म्हणणं त्याहून सोपं. मला दोन्ही आळशीपणाचे वाटतात. बहिणाबाईंची नजर कच्ची नव्हती. विणीसाठी त्यांना गिलकं आठवतं. वाळलेल्या गिलक्याची जाळी हातात घेतलेल्या माणसालाच ही उपमा सुचेल. हलणारा खोपा, आतली निवांत पिल्लं, सगळं पाहिलेलं आहे. चुकलं ते फक्त कर्त्याचं लिंग, आणि ते भाषेनंच आधी ठरवून ठेवलं होतं. या पक्ष्याला आपण नावच ‘सुगरण’ दिलं. स्वयंपाकात हात असलेल्या बाईला देतो तेच. असं नाव असलेल्या पक्ष्यात नर शोधायला कोण जाणार?

शिवाय कविता अर्धी खरीच आहे. अंडी उबवते ती मादी, आणि पिल्लांना भरवण्याचा जवळजवळ सगळा भार तिच्यावर. नराच्या लेखी खोपा म्हणजे आधी मागणी घालणं. पिल्लांसाठी झाडाला जीव टांगला असेल, तर तो तिनंच. बहिणाबाईंनी विणकाम चुकीच्या चोचीला दिलं, पण पिल्लांचा भार योग्य पक्ष्याच्या नावावर लिहिला.

माझी तक्रार कवितेपेक्षा तिच्या शिकवण्याबद्दल आहे. वर्गात ती हमखास ‘आईची माया’ या खात्यात जमा होते. शेवट पाहा. तिथे कविता वळते ती दोन हात असलेल्या माणसाकडे, आणि संबोधन पुल्लिंगी आहे. एवढ्याशा चोचीनं हे होतं, मग तुझ्या हातांनी काय केलं, असा तिचा रोख. हा प्रश्न आईला विचारलेलाच नाही. तो ज्याला विचारलाय, तो वर्गात मागच्या बाकावर बसून ‘आईची थोरवी’ असं उत्तर लिहितो आणि पूर्ण मार्क मिळवतो. विणणारा नर आहे हे कळल्यावर तर त्या प्रश्नाची धार वाढते. पक्ष्यातला बाप्या घर विणतो, मग तू?

(कवितेला हे अभिप्रेत नव्हतं, असं कोणी म्हणेल. नसेलही. पण ‘बहिणाबाईंची गाणी’ 1952ला छापून आली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरानं. तेव्हापासून पुढचं वाचणं आपल्याकडेच आहे.)

पावसाळ्यात विहिरीवर ओणवलेल्या बाभळीखाली उभे राहा. पूर्ण खोप्यांच्या मध्ये काही अर्धवट खोपे दिसतील, हेल्मेटसारखे, खालून उघडे. त्यांतले काही मादीनं आत येऊन पाहिलेले आणि नाकारलेले असतात. विणणाऱ्यानं ते तसेच सोडून शेजारच्या फांदीवर नवी गाठ मारलेली असते.