'सैराट'चे संगीत : सिम्फनी आणि शांतता

मेटालिका या रॉक बँडने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसह मैफलीतच ध्वनिमुद्रित केलेल्या 'एस अँड एम' या अल्बमने एक प्रश्न उभा केला : वाद्यवृंद हा केवळ अलंकार आहे, की अर्थाचा भागीदार? मराठीत हाच प्रश्न नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटाच्या संदर्भात विचारात घ्यावा लागतो. संगीतकार अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिस येथे सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. हे काम स्टुडिओतले असल्याने मैफलीतील जोखीम त्यात नाही. तथापि त्याचे महत्त्व वेगळे आहे. असा भव्य स्वरपट चित्रपटांत बहुधा राजे आणि योद्धे यांच्या वाट्याला येतो. 'याड लागलं'मध्ये मात्र तो मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील परश्याच्या प्रेमाला लाभतो. येथे तंतुवाद्ये सजावट करीत नाहीत, प्रतिष्ठा देतात. हीच प्रतिष्ठा जातिव्यवस्था नाकारते, आणि अखेरच्या दृश्यात सारा ध्वनीच थांबतो. आधीच्या स्वरवैभवाशिवाय ही शांतता इतकी असह्य झाली नसती. म्हणून 'सैराट'मधील सिम्फनी अर्थाची भागीदार ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.