नाना फडणीस यांची व्यक्तिचित्रे

उत्तर पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस (१२ फेब्रुवारी १७४२–१३ मार्च १८००) यांची पाश्चात्त्य पद्धतीने रंगविलेली व्यक्तिचित्रे. नानांचा जन्म साताऱ्याचा. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी त्यांनी वाडा व घाट बांधला. त्यांचे सर्वपरिचित चित्र मात्र पुण्यात, जेम्स वेल्स (१७४७–९५) या स्कॉटिश चित्रकाराने काढले. तो १७९१ मध्ये मुंबईस आला व पुढील वर्षी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पेशवे दरबारात पोहोचला.

सवाई माधवराव व नाना यांचे त्याचे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. एतद्देशीय लघुचित्रांतील एकचष्म चेहऱ्याऐवजी येथे छायाप्रकाशाने घडविलेली मुद्रा दिसते. रत्नालंकारांनी नटलेला तरुण पेशवा आणि त्याच्या शेजारी साध्या वेषातील कृश कारभारी, या विरोधातूनच सत्तेचे खरे स्थान सूचित होते.

टॉमस डॅन्येलचे १८०५ मधील दरबारचित्र (टेट संग्रह, लंडन) निराळ्या प्रतीचे आहे. त्याचा विषय १७९० चा टिपूविरोधी तह. त्या प्रसंगी वेल्स वा डॅन्येल यांपैकी कोणीही हजर नव्हता. वेल्सच्या मृत्यूनंतर त्याच्या रेखाटनांवरून डॅन्येलने हे चित्र मॅलेटसाठी रचले. त्यामुळे त्यातील चेहऱ्यांना प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार असला, तरी प्रसंगाची मांडणी कल्पित असून ती मॅलेटचे यश मिरविते. अभ्यासकांनी ही दोन अंगे वेगळी करूनच चित्राचे प्रामाण्य ठरविले पाहिजे.

नानांची शब्दांतील प्रतिमा सातारा–सांगली परिसरातच घडली. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी मिरजेस राहून नानांचे चरित्र लिहिले व पटवर्धन दप्तरातील पत्रे ऐतिहासिक लेखसंग्रहात प्रसिद्ध केली. द. ब. पारसनीस (१८७०–१९२६) यांनी मेणवली दप्तरातील कागद मिळविले; त्यांच्या कागदपत्रांचा व चित्रांचा संग्रह साताऱ्यास १९२५ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात होता. १९३९ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

चित्रात नानांची मुद्रा दिसते, तर पत्रांतून त्यांचे व्यवहार कळतात. ही दोन्ही साधने एकमेकांशी ताडून पाहिली नाहीत, तर आश्रयदात्याने रचविलेला देखावाच इतिहास म्हणून स्वीकारला जाण्याचा धोका राहतो.