लाल झग्यातली मुलगी कोण?

मंडळी, गेल्या वेळी नाम आणि नामी यांच्याबद्दल बोलणं झालं. आज तोच प्रश्न एका चित्रासमोर उभं राहून विचारू. न्यू यॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियममधलं हे चित्र १८३० ते १८३५ च्या दरम्यानचं. लाल झगा घातलेली छोटी मुलगी, जवळ धरलेली पांढरी मांजर, पायाशी कुत्रा. चित्रकार अम्मी फिलिप्स, गावोगाव फिरून तसबिरी काढणारा.

आधी १९२४ सालात जाऊ. कनेक्टिकटमधल्या केंट गावच्या जत्रेत लोकांनी घरातल्या पूर्वजांच्या तसबिरी मांडल्या. पूर्वज ठाऊक, चित्रकार अज्ञात. अभ्यासकांनी त्याला ‘केंट लिमनर’ म्हटलं. लिमनर म्हणजे तसबिरी काढणारा. आधीच्या, निराळ्या धाटणीच्या चित्रांचा कर्ता ‘बॉर्डर लिमनर’ ठरला. दोन नावं, म्हणून दोन माणसं! पुढे होल्ड्रिज दांपत्याला फिलिप्सची सही असलेली एक तसबीर मिळाली, आणि १९६० च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की दोघे एकच. फ्रेगेचा पहाटेचा तारा आणि सांजेचा तारा आठवतो ना? तसंच. फक्त शुक्र बदलत नाही, फिलिप्स बदलला होता. शैलीवरून माणूस ओळखण्याचा समीक्षकांचा आत्मविश्वास इथे चांगलाच उघडा पडला.

मालकीचं थोडक्यात सांगतो. १९९८ ला हे चित्र ३२ सेंटच्या टपाल तिकिटावर आलं, २००१ ला सीगमन ट्रस्टकडून संग्रहालयाला भेट मिळालं. तेव्हापासून दात्याचं नाव चित्राला चिकटलं ते चिकटलंच.

२००८ ला संग्रहालयाने फिलिप्स आणि मार्क रोथ्को एकाच प्रदर्शनात शेजारी मांडले. दोघांचे ते भरगच्च, सपाट रंग! मला ही तुलना अर्धीच पटते. रोथ्कोचा लाल कशाचंच चित्र नाही. फिलिप्सचा लाल म्हणजे एका लेकराचा झगा, घरच्यांनी पैसे मोजून काढून घेतलेला. शिवाय जवळपास असाच झगा घातलेली मुलं त्याच्या आणखी चित्रांत आहेत. म्हणजे हा हाताला बसलेला साचा, धंद्याची सोय. त्यात अमूर्तता शोधणं ही आपली विसाव्या शतकाची खोड.

आणि मुलगी? तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. केंटच्या जत्रेच्या अगदी उलट! नामी हरवल्यावर हिला व्यक्तिचित्र म्हणायचं का? मी म्हणतो, हो. समोर कुणीतरी बसलं होतं. पण मग दात्याच्या नावाएवढ्याच ठळक अक्षरांत पाटीवर हेही हवं: मुलगी अज्ञात.