‘व्हॉल्यूम शंभर टक्के’ म्हणजे नेमकं किती? एका लोकप्रिय दाव्याची तपासणी

एखादा निष्कर्ष तपासायला दिला की आपण आधी आकडे बरोबर आहेत का ते बघतो. काय मोजलंच नाही, हे बघायचं राहून जातं. आज त्याचं एक घरगुती उदाहरण घेऊ.

दावा असा: कॉम्प्युटरचा आवाज डॅकमधून थेट पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला द्या, मध्ये आवाजाचं बटण नको, कमीजास्त सगळं सॉफ्टवेअरमध्ये करा. मधली यंत्रं जितकी कमी, तितका आवाज स्वच्छ. याच्या पुष्ट्यर्थ विकृती आणि खरखर मोजलेले आलेख दाखवतात. आलेख खोटे नसतात.

मीही तसंच केलं. कळंब तालुक्यातल्या आमच्या घरी एका दुपारी लाईट गेली, दहा मिनिटांनी आली. कॉम्प्युटर सुरू झाला आणि मी नेहमीसारखं गाणं लावलं. अनेक प्रणालींमध्ये व्हॉल्यूमची नोंद मशीन नीट बंद करताना जतन होते. लाईट अचानक गेल्यामुळे ती झालीच नव्हती, व्हॉल्यूम थेट शंभरवर होता. स्पीकरपासून हातभर अंतरावर आठ महिन्यांची भाची झोपली होती. प्लग ओढेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले. तिचे कान ठीक आहेत, पण त्या दुपारनंतर मी हिशोब मांडला.

समजा, स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल देतो आणि अ‍ॅम्प्लिफायर १०० वॅटचा आहे. शंभरपट शक्ती म्हणजे २० डेसिबल जास्त, एकूण १०८. घरात आपण ६८ च्या आसपास ऐकतो. म्हणजे रोजचं ऐकणं आणि अपघात यांच्यात ४० डेसिबलचं अंतर, आणि ते राखतो फक्त सॉफ्टवेअरमधला एक आकडा!

जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू यांच्या २०१८ च्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास धरलेत, मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. या हिशोबाने १०८ ला प्रौढाचा आठवड्याचा कोटा चार मिनिटांत संपतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. हे मानक मोबाईल-हेडफोनसारख्या वैयक्तिक साधनांसाठी आहे, आणि गाण्याची सरासरी पातळी शिखरापेक्षा कमी असते. म्हणून हा वाईटात वाईट अंदाज समजा.

आता दाव्याकडे परत या. मोजमापं सगळी व्यवस्था सुरळीत चालू असतानाची आहेत. लाईट जाऊन आल्यावर काय होतं, हे कुणी मोजलंच नाही. आपल्याकडे ती अपवादात्मक स्थिती नाही, रोजची आहे. प्रयोगाच्या अटी आणि वापराच्या अटी वेगळ्या, ही या दाव्यातली खरी फट.

गंमत म्हणजे स्वच्छ आवाजाच्या निकषावरही हा दावा लंगडा पडतो. डिजिटल आवाज दर ६ डेसिबल उतरवला की साधारण एक बिट खर्च होतो. ४० डेसिबल उतरवायला जवळपास सात बिट जातात. २४ बिटची साखळी असेल तर १६ बिटच्या गाण्याला ते परवडतं. सगळी साखळीच १६ बिटची असेल तर नऊच उरतात. त्याऐवजी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी २० डेसिबल उतरवणारा साधा ॲटेन्युएटर लावा. सॉफ्टवेअरचं काम निम्मं होतं आणि शंभर टक्क्यांवरही आवाज ८८ च्या वर जात नाही. सुरक्षितता आणि शुद्धता यांत इथे भांडणच नाही.

शिवाय अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी चालू करा, सगळ्यात आधी बंद करा. मशीन सुरू होताना व्हॉल्यूम कमीच राहील अशी सोय करा. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून कॉम्प्युटरचा प्लग मुद्दाम काढा, परत लावा आणि आकडा कुठे आला ते बघा. तपासणी म्हणतात ती हीच.

आणि हो, उद्या तुमच्या प्रबंधात ‘आवाज ६० टक्के ठेवला’ असं लिहू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये ५० टक्के म्हणजे फक्त ६ डेसिबल कमी, काहींत त्याहून बरंच कमी. टक्का हे बटणाचं स्थान आहे, आवाजाचं माप नाही. ऐकणाऱ्याच्या कानाजवळ मीटर धरा, डेसिबल लिहा, अंतर लिहा. समोर कुणाचा तरी कान आहे.