ब्रेकडान्स

अमेरिकेच्या न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स विभागात १९७० नंतरच्या दशकात उदयास आलेला रस्त्यावरील नृत्यप्रकार. नावातील ‘ब्रेक’ म्हणजे अंग मोडणे, हा समज चुकीचा आहे. ध्वनिमुद्रिकेत गायन थांबून प्रामुख्याने तालवाद्ये वाजतात, त्या अल्पकालीन भागास ‘ब्रेक’ म्हणतात. नर्तक याच भागाची वाट पाहतात, हे मूळच्या जमेकातील कूल हर्कने हेरले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक मार्गावरील इमारतीत त्याने वाजविलेल्या संगीताचा समारंभ हा हिपहॉप संस्कृतीचा प्रारंभ मानला जातो. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती आलटून-पालटून वाजवून तो हा भाग लांबवीत असे. त्यावर नाचणारे ते ‘बी-बॉय’. या नर्तकांना स्वतःला ‘ब्रेकडान्स’ हे वृत्तपत्री नाव फारसे रुचले नाही.

आरंभीचे नर्तक मुख्यतः कृष्णवर्णीय होते व नृत्य बरेचसे उभ्यानेच होई. त्यावर जेम्स ब्राउनच्या पदन्यासाची छाप होती. दशकाच्या अखेरीस प्वेर्त रीको वंशाच्या तरुणांनी ते जमिनीवर आणून विस्तारले. तळहातांवर भार देऊन पाय वर्तुळाकार फिरविणे, पाठीवर वा डोक्यावर गरगर फिरणे आणि अखेर तालाच्या ठोक्यावर अवघड स्थितीत निश्चल होणे, ही त्याची अंगे होत. यांतील निश्चलतेला विशेष महत्त्व आहे. नर्तकाने संगीत खरोखर ऐकले की नाही, हे तेथेच उघड होते. नर्तक आळीपाळीने वर्तुळात उतरतात. प्रतिस्पर्ध्याला नृत्यानेच उत्तर द्यावयाचे असल्याने रचना आगाऊ ठरवून भागत नाही.

फ्लॅशडान्स (१९८३) व बीट स्ट्रीट (१९८४) या चित्रपटांनी हे नृत्य जगभर नेले. मात्र चमत्कृतीला वाव मिळून ताल व प्रत्युत्तर ही त्याची मूळ अंगे झाकोळली. कॅलिफोर्नियातील ‘पॉपिंग’ व ‘लॉकिंग’ या स्वतंत्र शैलीही त्याच नावाखाली गणल्या गेल्या. अमेरिकेतील लाट ओसरल्यावर यूरोप, जपान व दक्षिण कोरियातील नर्तकांनी ही कला जोपासली.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) तिचा समावेश झाला, तेव्हा गुणांकनाने ती निव्वळ कसरत होईल, अशी भीती व्यक्त झाली. ती सर्वस्वी खरी ठरली नाही. परीक्षणात तंत्राबरोबर मौलिकता व संगीतभान यांनाही स्थान होते आणि कोणती ध्वनिमुद्रिका वाजेल, हे नर्तकांना आधी ठाऊक नसे. जपानची आमी व कॅनडाचा फिल विझर्ड यांनी सुवर्णपदके मिळविली. लॉस अँजेल्स येथील २०२८ च्या क्रीडाप्रकारांतून मात्र हे नृत्य वगळण्यात आले आहे.