शहीद अब्दुल हमीद : पुरावा की माणूस?

उर्दू माध्यमाच्या शाळांत २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या भाषणांत एक नाव हमखास येते : वीर अब्दुल हमीद. भाषणाचा साचा ठरलेला असतो. पॅटन रणगाडे, जीपवरची तोफ, शहादत, परमवीर चक्र, आणि शेवटी एक वाक्य : 'म्हणून हा देश आमचाही आहे.' मला या वाक्यातल्या 'म्हणून'विषयी लिहायचे आहे. हमीदविषयीच्या लेखनात हा शब्द कुठून शिरला आणि त्याने हमीदचे काय केले, हे एकदा तपासले पाहिजे.

हमीदवरचा पहिला मजकूर म्हणजे परमवीर चक्राचे प्रशस्तिपत्र. १० सप्टेंबर १९६५ रोजी पंजाबातील खेमकरण भागात, चीमा गावाजवळ, चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीचा हा कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार धारातीर्थी पडला. आठवड्याच्या आत सन्मान जाहीर झाला. त्यामुळे हा मजकूर घाईचा आहे, कोरडा आहे, पण प्रामाणिक आहे. त्यात त्या एका दिवसाचे वर्णन आहे. हमीदने आघाडीचा रणगाडा उडवला, जागा बदलली, दुसरा पेटवला, आणि भडिमार सुरू असतानाही आणखी एकावर नेम धरला. तेवढ्यात गोळा येऊन पडला. नंतरच्या लेखनात हा आकडा सात-आठपर्यंत गेला. त्यात आधीच्या दिवसांचीही कामगिरी धरली जाते.

आमची भाषणे आकड्यापाशीच थांबतात. मला मात्र प्रशस्तिपत्रातले 'जागा बदलली' हे शब्द अधिक मोलाचे वाटतात. जीपवरच्या रिकॉइललेस तोफेला चिलखत नसते. बार उडाला की मागच्या बाजूने आगीचा आणि धुळीचा लोट निघतो आणि शत्रूला ठिकाण कळते. म्हणजे प्रत्येक गोळ्यागणिक हमीद स्वतःचा पत्ता शत्रूला देत होता. जागा बदलणे हे कसबी माणसाचे काम होते. शेवटी शत्रूने जीप हेरल्यावरही तो नेम धरून राहिला. शौर्य या कसबात आणि या निर्णयात आहे, आकड्यात नाही. कोऱ्या कोरड्या सरकारी मजकुराने जे टिपले, ते आमच्या रसाळ भाषणांनी गमावले.

दुसरा मजकूर साहित्यिकाचा आहे. डॉ. राही मासूम रझा यांनी हमीदचे चरित्र लिहिले, 'छोटे आदमी की बड़ी कहानी'. राही गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचे, हमीद त्याच जिल्ह्यातल्या धामूपूरचा. शीर्षक वरवर पाहता खटकते. शिंप्याचा मुलगा म्हणून तो 'छोटा' काय? पण हे शीर्षक राहींच्या 'आधा गाव' या कादंबरीशेजारी ठेवून वाचावे. १९६६ साली आलेल्या त्या कादंबरीतली माणसे मोठमोठ्या घोषणांवर जगत नाहीत. त्यांचे इमान गावाशी आहे, मोहरमच्या ताजियांशी, शेताबांधाशी, पुरखांच्या कबरींशी आहे. फाळणीच्या राजकारणापुढे त्यांना आपल्या मातीचे नाते सिद्ध करावेसे वाटत नाही. ते नाते सिद्ध करण्याच्या आधीपासूनच आहे. अशा लेखकाने 'छोटा आदमी' म्हटले, तेव्हा त्यात हिणवणे नाही, आपलेपणा आहे. कहाणी मोठी झाली ती या छोटेपणातून. राहींच्या या दृष्टीत 'म्हणून'ला जागाच नाही. हमीद मेला म्हणून गाझीपूर त्याचे झाले नाही. ते त्याचे होतेच.

मग 'म्हणून' आला कुठून? तो आमच्यावर घेतल्या गेलेल्या शंकेतून आला. शंका घेणाऱ्याला उत्तर देताना आम्ही एका मरहूम जवानाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. उत्तर देण्याची गरज मी समजू शकते. पण या पद्धतीत एक धोका आहे. पुरावा मागणाऱ्याचे समाधान एका पुराव्याने कधी होत नाही. तो दुसरा मागतो. शिवाय ज्यांच्या घरात कोणी शहीद नाही, त्या रिक्षावाल्याचे, विणकराचे, शिक्षिकेचे नागरिकत्व काय कमी प्रतीचे ठरते? संविधानाने ते शहादतीच्या बदल्यात दिलेले नाही.

या स्मरणातून आणखी एक व्यक्ती निसटली, ती म्हणजे रसूलन बीबी. २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून पतीचे पदक स्वीकारल्यानंतर २०१९ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, त्या जगल्या. भाषणांत त्या पदक घेण्यापुरत्या येतात. शहिदाची गोष्ट त्याच्या मृत्यूबरोबर संपते, असे आपण गृहीत धरतो. कारगिलमध्ये ६ जून १९९९ रोजी तुर्तुक भागात शहीद झालेल्या पंचविशीच्या आतल्या कॅप्टन हनीफउद्दीनची आई हेमा अझीझ आठवाव्यात. मुलाचा मृतदेह गोळीबारामुळे आणता येत नव्हता. तो आणण्यासाठी दुसऱ्या कोणा आईच्या मुलाचा जीव जाऊ नये, अशी भूमिका त्यांनी घेतली. या एका भूमिकेत युद्धाविषयी जे कळते, ते शंभर वीररसपर भाषणांत कळत नाही.

२०२४ साली एनसीईआरटीच्या सहावीच्या अभ्यासक्रमात हमीदवरचा पाठ आला. ही आनंदाची गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, धामूपूरच्या शाळेवरून त्याचे नाव पुसले गेल्याची तक्रार कुटुंबीयांना करावी लागली, आणि नंतर ते पुन्हा लिहिले गेले. भिंतीवरचे नाव पुसता येते, पुन्हा लिहिताही येते. म्हणून नुसत्या नावावर भिस्त ठेवून चालणार नाही. माणूस मुलांपर्यंत पोहोचला पाहिजे.

आमच्या लिहिणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी हे काम हाती घ्यावे. मुलांना आकड्याऐवजी तोफेची आग आणि बदललेली जागा समजावून सांगावी. धामूपूर, शिंप्याचे घर, रसूलन बीबींची एवढी वर्षे, असल उत्तरच्या मातीतली कबर, हे सगळे सांगावे. आणि भाषणाच्या शेवटी 'म्हणून' येऊ लागला, तर तो खोडून टाकावा. हमीद आपला आहे आणि देशही आपला आहे. ही दोन वेगळी, पूर्ण वाक्ये आहेत.